सभासद क्रमांक एक

पाठीच्या दुखण्यामुळे मी मुंबईतली नोकरी सोडली तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात आमचा दोन खोल्यांचा ब्लॉक. नवरा सकाळी पावणेआठला बाहेर पडायचा तो रात्री नऊला उगवायचा. मूलबाळ नव्हतं. चौदा वर्षं एका कंपनीत टपाल, फायली आणि टायपिंग सांभाळलेली बाई अचानक दुपारी तीन वाजता घरात एकटी बसायला लागली की तिचं काय होतं, ते तिलाच ठाऊक. मी घासलेली भांडी पुन्हा घासत होते.

समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एका आयुर्वेदिक डॉक्टरांचा दवाखाना होता. पाठीच्या औषधासाठी मी त्यांच्याकडे जात असे. एक दिवस ते म्हणाले, "वहिनी, ऑफिसात काम केलेलं माणूस मला पाहिजे आहे. पगार नाही, कौतुकही फारसं नाही. पण खुर्चीत बसून करायचं काम आहे."

डॉक्टर एका शाकाहार मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळ म्हणजे हौशी माणसांचा कारभार. तीन महिन्यांनी एक दोन पानी पत्रक निघायचं, त्यात डाळींच्या आणि भाज्यांच्या कृती असायच्या. शाळांमधून पाककृतींची प्रात्यक्षिकं व्हायची. ईस्टरआधीचा उपवासकाळ जवळ आला की वसईकडच्या ख्रिस्ती घरांतूनही पत्रकाला मागणी यायची. जो सभासद होई तो एका कार्डावर सही करायचा, 'मी यापुढे मांसमच्छी खाणार नाही.' महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चार वाजता सभा. या सगळ्याचं टपाल, कार्डं, सूचना आणि सभेचा वृत्तान्त सांभाळणारे चिटणीस आता थकले होते. त्यांच्या जागी मी यावं, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं.

मी कोकणातल्या मासे खाणाऱ्या घरातली. लग्न होऊन शाकाहारी घरात आले आणि सोडून दिलं. कार्डावर सही केली तेव्हा हात अडखळला नाही.

मंडळाची खोली दवाखान्याच्या मागच्या बाजूला होती. पूर्वी तिथे पिठाची गिरणी होती, ती बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तरी भिंतीच्या खाचांत पीठ राहिलं होतं. पंखा लावला की उन्हाच्या पट्ट्यात ते तरंगायचं. एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि पंचवीसेक घडीच्या लोखंडी खुर्च्या. मागच्या खिडकीला जाळी, आणि जाळीपलीकडे दुसऱ्या इमारतीची पाठ. दुपारी बाहेर सगळं सामसूम असायचं.

जुने चिटणीस सत्तरीला टेकलेले होते. एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मूळचे गासच्या बाजूचे, खाडीकडच्या शेतकरी घरातले. दोन बस बदलून यायचे. अंगात पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी. मी त्यांना काका म्हणू लागले. ते मला 'चिटणीसबाई' म्हणायचे, तेही पहिल्या दिवसापासून, जणू मी तिथे वीस वर्षं काम करत होते.

त्यांनी मला काम शिकवलं. आलेलं पत्र आधी आवक वहीत चढवायचं, मग वाचायचं. सभेची सूचना आठ दिवस आधी गेली पाहिजे. शिक्का सहीवर पडता कामा नये, सहीच्या शेजारी पडला पाहिजे. प्रोसिडिंग कसं लिहायचं तेही सांगितलं. प्रोसिडिंग म्हणजे सभेच्या वृत्तान्ताची जाड, लाल पाठीची वही.

"ठराव वाचून दाखवायचा," ते म्हणाले, "आणि थांबायचं. मनात दहा आकडे मोजायचे. कुणी हरकत नोंदवली नाही म्हणजे मंजूर. घाई करायची नाही. काही माणसांना बोलायला वेळ लागतो."

सभासदांची कार्डं एका पत्र्याच्या डब्यात होती, नंबरवार लावलेली. मी चाळून पाहिली. पहिलं कार्ड दोन नंबरचं होतं.

"काका, एक नंबर दिसत नाही."

"ते माझ्याकडे आहे," ते म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं. मग दाराजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती तिथेच असू द्या. हलवायची नाही."

म्हाताऱ्या माणसांच्या अशा बारीकसारीक सवयी असतात. मी मान डोलावली.

डिसेंबरच्या सभेला चार माणसं आली. मी, काका, डॉक्टर आणि आमच्याच गल्लीतल्या एक गुजराती बाई. डॉक्टर दहा मिनिटांत उठले, पेशंट खोळंबले होते. जानेवारीतही तेच. मी कागदावर टिपणं काढली आणि काकांकडे दिली. प्रोसिडिंगमध्ये ते अजून स्वतःच उतरवत होते. "दोन-चार महिने माझं बघा," म्हणाले, "मग तुम्ही लिहा."

जानेवारीच्या सभेनंतर मी आठ दिवस आईकडे जाऊन आले. परतल्यावर घरी नेलेली कार्डं काकांना आणून दिली. मग पत्रकाच्या कामासाठी एक जुना ठराव शोधायचा होता, म्हणून कपाटातून लाल वही काढली. तोवर मी ती नीट उघडून पाहिलीच नव्हती. फेब्रुवारीतली दुपार होती. बाहेर कुणीतरी गाद्या वाळत घातल्या होत्या, खोलीत मी एकटीच.

अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक सभेला उपस्थिती एकवीस, तेवीस, कधी चोवीस. मला बरं वाटलं. पूर्वी मंडळ चांगलं चालत असणार, आता माणसं कमी झाली. मग मी ताजी पानं उलटली. डिसेंबरची सभा, जिला आम्ही चौघं होतो, तिला उपस्थिती बावीस. जानेवारीची, एकवीस. पानंच्या पानं चर्चा. कोण काय म्हणालं, त्यावर कोण काय म्हणालं. आणि प्रत्येक सभेच्या सुरुवातीला तेच एक वाक्य:

'सभासद क्र. १ उपस्थित होते. नेहमीप्रमाणे काही बोलले नाहीत.'

मी मागे मागे गेले. सात वर्षं मागे. प्रत्येक सभेत ते वाक्य होतं. खाली अध्यक्षांची सही. डॉक्टर न वाचता सह्या करत होते हे उघड होतं.

पुन्हा पुढे आले. शेवटच्या लिहिलेल्या पानावर कुठल्याच सभेची तारीख नव्हती, नुसता 'विशेष सभा' असा मथळा होता. त्यात मधेच होतं: 'नवीन चिटणीस यांनी सभेस सांगितले की, त्या माहेरी गेल्या असता सुकटीची चटणी खातात. कार्डावर सही केल्यानंतरही खाल्ली. सभेने ऐकून घेतले. कोणी हरकत नोंदवली नाही.'

मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. वडील गेल्यापासून आई एकटी राहायची. एरवी ती चहात पोळी बुडवून खाऊन दिवस काढायची. मी गेले की तेवढी चूल नीट पेटायची, आणि ती सुकट भाजायला घ्यायची, कारण लहानपणी मला ती आवडायची. तिच्यासमोर ताट सरकवून 'मी खात नाही' म्हणणं मला जमलं नव्हतं. आठ दिवसांपूर्वीची गोष्ट. तीनशे किलोमीटर लांबच्या, बंद दाराआडच्या स्वयंपाकघरातली.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला. खुर्च्या घडी घालून भिंतीला टेकवलेल्या होत्या. दाराजवळची ती एकच उघडी होती. मी वही बंद केली, कपाटाला कुलूप लावलं आणि त्या खुर्चीला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून बाहेर पडले.

पान फाडून टाकावं, असं दोन दिवस मनात घोळत होतं. फाडलं नाही. त्याऐवजी, ऑफिसात हिशेबी माणूस जे करतो ते मी केलं. तपासणी. प्रोसिडिंगमधली नावं घेतली, डब्यातून पत्ते काढले आणि पत्रक वाटण्याच्या निमित्ताने एकेकाच्या घरी जायला लागले. दोन घरं बंद. एक कुटुंब गाव सोडून गेलेलं. एका गृहस्थांना आपण सभासद आहोत हेच आठवत नव्हतं. सभेला येत असल्याचं कुणीच म्हणालं नाही.

मग वसईजवळच्या गिरीजला गेले. तिथल्या एका बाईंचं प्रोसिडिंगमध्ये वरचेवर नाव होतं. केळीची आणि भाजीची वाडी, मधोमध कौलारू घर, विहिरीवर पंप चालू. बाई चाळिशीच्या असतील. सासूशी त्या त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होत्या, मला ती अर्धीच कळली. माझ्याशी मात्र पुस्तकी मराठीत बोलल्या.

"सभेला? मी एकदाच आले होते हो. तेही पहिल्या वर्षी."

मी पिशवीतून कागद काढला. त्यांच्या नावावरचा मजकूर मी उतरवून नेला होता. वाचून दाखवावा की नाही कळेना, पण वाचला. 'गिरीजच्या भगिनींनी सांगितले की, घरी मासळी येते ती त्याच साफ करतात व रांधतात. स्वतः खात नाहीत. परंतु त्या हातांनी देवाला फूल वाहणे त्यांना जमत नाही. फुले सासूबाई वाहतात; त्यांनी विचारले असता, आपली कंबर दुखते असे भगिनी सांगतात.'

बाई पायरीवर बसल्या. त्यांनी आधी आत सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्ही सांगितलंत, असं लिहिलंय."

"मी देवाशप्पथ कुणाला बोलले नाही." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही हे."

पंप बंद झाला. पाटातलं पाणी थोडा वेळ आपल्या आपण वाहत राहिलं. मग त्यांनाच आठवलं. काका दर पत्रकाच्या वेळी स्वतः येत. ओट्यावर बसत, तांब्याभर पाणी पीत, फारसं बोलत नसत. कधी अर्धा तास, कधी तास.

"नुसते बसायचे," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, दमलेले असतील. ते बघत होते होय?"

येताना रिक्षात बसून मी मनाशी जुळवत होते. फुलं सासू वाहते हे ओट्यावरून दिसू शकतं. सुनेची कंबर दुखत नाही हेही दिसू शकतं, ती वाडीत कळशा उचलते. म्हणजे गूढ काही नव्हतं. एक म्हातारा दोन बस बदलून घराघरांत जातो, बसतो, बघतो, आणि जे माणसं बोलत नाहीत ते त्यांच्या तोंडी घालून सरकारी मराठीत लिहून ठेवतो. पण एवढं उमगल्यावर मला बरं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. उलट जास्तच भीती वाटली. आणि माझ्या आईच्या स्वयंपाकघराबाहेर तर ओटा नव्हता, तिथे बसून बघणारं कुणी नव्हतं.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी मी मुद्दाम लवकर गेले. अडीचच्या सुमाराला. दार आतून लोटलेलं होतं आणि काकांचा आवाज येत होता. मी दार ढकललं नाही. इमारतीला वळसा घालून मागच्या खिडकीपाशी गेले आणि जाळीला डोळा लावला.

सगळ्या खुर्च्या उघडून ओळीत मांडल्या होत्या. चार ओळी. काका टेबलापाशी उभे होते, पुढ्यात लाल वही. ते विषय वाचत होते, मग एका खुर्चीकडे वळून थांबत होते. मान हलवत, मधेच 'हो, हो' म्हणत आणि वाकून लिहीत. मग पुढची खुर्ची. वेड्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं. तेच मला सोसवेना. मी चौदा वर्षं ऑफिसात मीटिंगा पाहिल्या, समोरच्याचं बोलणं इतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूस मी पाहिला नव्हता. एका खुर्चीकडे बघून ते हसले. दुसरीपाशी त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पाच मिनिटांनी माझी अशी अवस्था झाली की खुर्च्या रिकाम्या आहेत हे मला स्वतःला बजावून सांगावं लागत होतं.

सगळ्यांचं झाल्यावर ते दाराजवळच्या खुर्चीकडे वळले. आवाज बदलला. हेडक्लार्कचा गेला.

"आनि तुला? तुला काय बोलायचंय का?"

ते थांबले. मीही बाहेर श्वास धरून थांबले. ते मनात आकडे मोजत होते की काय कोण जाणे, पण दहापेक्षा खूप जास्त वेळ गेला. त्या खुर्चीखालची फरशी ओली दिसत होती. वरच्या मजल्याच्या मोरीची ती गळती होती, मला माहीत होतं. मीच त्याबद्दल सोसायटीला पत्र लिहिलं होतं. तरीही.

"बरं," काका म्हणाले आणि त्यांनी वहीत एक ओळ लिहिली. मग खिडकीकडे न बघताच म्हणाले, "चिटणीसबाई, उन्हात उभ्या राहू नका. आत या. तुमचं राहिलंय."

पळून जावंसं वाटलं. पण पायांनी वळसा घातला आणि मी आत गेले. त्यांनी पहिल्या ओळीतली एक खुर्ची दाखवली. मी बसले. मागे तीन ओळी रिकाम्या खुर्च्या. मानेवर कुणाची तरी नजर असल्यासारखं वाटत होतं, आणि वळून बघायचं धाडस होत नव्हतं.

"नवीन चिटणीसांना सभेपुढे काही सांगायचंय?" त्यांनी विचारलं. अगदी अदबीनं.

आणि मी सांगितलं. सुकटीचं, आईचं, ती भाजताना तिच्या चेहऱ्यावर जे येतं त्याचं. नवऱ्याला सांगायची लाज वाटते तेही. कार्डावर सही करताना हात अडखळला नाही, आणि खातानाही अडखळला नाही, हेही. बोलताना रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मोकळं मात्र वाटलं. काका पेन खाली ठेवून ऐकत होते.

"लिहीत नाही तुम्ही?" मी म्हटलं.

"ते आधीच लिहिलंय."

"कसं? तुम्हाला कसं कळलं, काका?"

त्यांनी माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे हात केला. "तुम्ही माहेराहून आलात आणि याच पिशवीतून कार्डं आणून दिलीत. कार्डांना वास होता. बाई, मी खाडीवरचा मानूस. सुकट दहा पावलांवरून कळते मला." थोडं थांबून म्हणाले, "सत्तावन्न वर्षं खाल्ली नाही, तरी कळते."

एवढं साधं होतं. मग मला धीर आला आणि मी दाराजवळच्या खुर्चीकडे बघत विचारलं, "तिथे कोण बसतं?"

काका बसले. इतका वेळ ते उभेच होते. आणि मग ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलायला लागले, मी ती इथे जशीच्या तशी उतरवू शकणार नाही. त्यांचा मोठा भाऊ होता. हे बारा वर्षांचे असताना तो ओहोटीच्या वेळी जाळं बघायला खाडीत उतरला तो परत आला नाही. गावाने शोधलं. दुसऱ्या दिवशीही सापडला नाही. घरात चूल पेटली नव्हती. आई दारात बसून होती. शेजारच्यांनी पोरं उपाशी आहेत म्हणून चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, आणून दिल्या, आत्याने रांधल्या.

"त्याच पान्यातल्या," काका म्हणाले. "मी जेवलो. भूक होती. दोनदा मागून घेतलं. तिसऱ्या दिवशी तो गावला."

पुढचं मी विचारलं नाही. खाडीत तीन दिवस राहिलेल्या माणसाचं काय झालेलं असतं ते कोकणातल्या मुलीला सांगावं लागत नाही. पाण्यातली कुठली जनावरं ते करतात, तेही.

"मंडळ निघालं तेव्हा पहिलं कार्ड त्याचं केलं," ते म्हणाले. "त्याला इथे विचारतो. दर सभेला विचारतो. तो येतो, बसतो. बोलत नाय."

तुमचा दोष नाही, तुम्ही लहान होतात, असलं काही म्हणणं खोटं वाटलं. हे त्यांना सत्तावन्न वर्षांत कुणी ना कुणी म्हणालंच असेल, किंवा त्यांनी स्वतःला सांगितलं असेल. मग माझ्यातली ऑफिसातली बाई बोलली.

"काका, सात वर्षं तो येतोय. नियमाने विचारलं जातंय. त्याने एकदाही हरकत नोंदवलेली नाही. तुम्हीच मला शिकवलंत. हरकत आली नाही म्हणजे मंजूर."

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा एक एक भाग जणू वेगवेगळा हलत होता. शेवटी त्यांनी लाल वही माझ्याकडे सरकवली.

"तुम्ही लिहा. माझ्या हातचं चालायचं नाही."

मी लिहिलं. त्या वहीतला माझ्या अक्षरातला तो पहिला ठराव. 'सभासद क्र. १ यांना गेली सात वर्षे प्रत्येक सभेत विचारणा करण्यात आली. त्यांच्याकडून आजतागायत कोणतीही हरकत आलेली नाही. सबब विषय मिटला, असे ही सभा मानते.' मी उभी राहून ते वाचून दाखवलं. आणि थांबले. सात, आठ, नऊ मोजताना दाराशी लोखंडाचा कुरकुर आवाज झाला. ऊन उतरायला लागलं की त्या खुर्च्या तशा वाजतात. मी दहा म्हटलं, मग अकरा आणि बाराही म्हटलं.

"मंजूर," मी म्हणाले. काकांनी हात जोडले. मला नव्हे.

त्या दिवशी चारच्या सभेला डॉक्टर आणि गुजराती बाई आल्या तेव्हा खुर्च्या आवरलेल्या होत्या. सभा नेहमीसारखी झाली. पण मला आता ही वही अशीच पुढे रेटणं शक्य नव्हतं, चिटणीस बदलल्याचे कागद करताना ती धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत दाखवावी लागणार होती. मी सोमवारी वही डॉक्टरांपुढे ठेवली आणि म्हटलं, "सह्या तुमच्या आहेत. एकदा वाचा."

त्यांनी दुपारी दवाखाना बंद करून वाचली. संध्याकाळी मला बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, काकांवर चिडतील.

"माझ्याबद्दल काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंत?" त्यांनी विचारलं.

वाचलं होतं. 'अध्यक्षांनी सांगितले की, अशक्त मुले घेऊन आया दवाखान्यात येतात तेव्हा अंडी द्या असे सांगावे लागते. सांगून झाल्यावर भिंतीवरच्या मंडळाच्या तक्त्याकडे बघवत नाही.'

"खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "काका बाहेरच्या बाकावर बसून असायचे. ऐकू येत असणार." बराच वेळ वही चाळत राहिले. "या वहीत मंडळाची जेवढी खरी सभा आहे ना वहिनी, तेवढी आपल्या खऱ्या सभेत कधी झाली नाही."

आम्ही नवी वही घातली. त्यात जेवढे येतील तेवढेच लिहायचं ठरलं. त्या सात वर्षांत खरोखर कोण आलं होतं याचं डॉक्टरांना आठवेल तसं एक पत्र मी करून दिलं आणि डॉक्टरांनी, चूक माझी आहे, मी न वाचता सह्या केल्या, असं त्यात स्वतः लिहिलं. थोडी बोलणी खावी लागली, निभावलं. जुनी वही आम्ही काकांनाच देऊन टाकली.

गिरीजच्या बाई एप्रिलच्या सभेला आल्या. त्यांनी काय सांगितलं ते मी नव्या वहीत लिहिलं नाही, त्यांनीच तशी विनंती केली. पण त्या येत राहिल्या.

काका मात्र दिवाळीनंतर यायचे थांबले. सुनेचा निरोप आला, आता त्यांना एकटं सोडता येत नाही, बस चुकते, गाव चुकतं. मी गासला गेले. शेताच्या कडेचं घर, मागे भात कापून झालेली खाचरं आणि त्याही पलीकडे खाडीचा चकाकणारा पट्टा. दुपारचे बारा वाजले होते. काका पडवीत बसले होते, पांढऱ्या शर्टाऐवजी गंजिफ्रॉक. मला ओळखलं नाही. हसले मात्र छान, लहान मुलासारखे. पुस्तकी मराठी पार पुसून गेली होती.

सून मला आत घेऊन गेली. साडीचा पदर बोटांना गुंडाळत म्हणाली, "ताई, तुम्ही मंडळाच्या. तुम्हाला विचारायचं होतं. बाबा मासळी मागतात. महिना झाला. ताट बाजूला सारतात आनि बोंबील दे म्हनतात. जन्मात कधी खाल्ली नाय या घरात त्यांनी. मी दिली तर पाप लागेल का?"

मी दारातून काकांकडे पाहिलं. ते अंगणातल्या कोंबड्यांशी काहीतरी बोलत होते आणि मधेच कुणाची तरी वाट बघितल्यासारखे बांधाकडे नजर टाकत होते. कुणी यायचं आहे अशी खात्री असलेला चेहरा. घाबरलेला नाही, उदास नाही. मला एकदम कळलं की त्यांच्या लेखी ते बारा वर्षांचे असतील, किंवा त्याहून लहान. त्या ओहोटीच्या आधीचे. ती गोष्ट अजून घडलेलीच नव्हती.

मी सुनेकडे वळले.

"द्या," मी म्हटलं. "काटे काढून द्या."

तिने दिले. मी समोर बसून होते. त्यांनी भाताबरोबर ते इतक्या चवीनं खाल्लं की बघताना मला हसू येत होतं आणि बघवतही नव्हतं. जेवून झाल्यावर त्यांनी बोटं चाटली आणि सुनेला विचारलं, दादाला ठेवलंय ना?

"ठेवलंय, बाबा," ती म्हणाली. तिला सवय झालेली असणार.

त्यानंतर वर्षभराने ते गेले. मी आणखी चार वर्षं मंडळाचं काम केलं. त्यांचं सभासदत्वाचं कार्ड नियमाप्रमाणे मी काढून टाकायला हवं होतं, कारण प्रतिज्ञा मोडली होती आणि ती मोडायला मीच संमती दिली होती. कार्ड मी राहू दिलं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही. पुढे बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे मी काम सोपवलं. त्यांना आवक वही समजावली, शिक्का दिला, आणि सभासदांच्या घरी पत्रक स्वतः नेऊन द्यायचं असेल तर दुपारी जा, थोडा वेळ बसा, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, पोस्टाने पाठवलं तर चालणार नाही का? मी म्हटलं, चालेल की.